वाऱ्याचा रकाना

आमच्या एक्सेलमध्ये नऊ रकाने आहेत.
तारीख, बेट, बोट, बोटीचं भाडं,
खोली, खोलीतून समुद्र दिसतो का,
जेवण, रात्र, आणि शेवटी
‘कोण भरणार’. तो अजून कुणी भरलेला नाही.

ऐरोलीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत
रुखसार, विनया आणि मी
डबे उघडे टाकून बेटांवरून भांडतो.
विनयाला सँटोरिनी हवं, पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहायला.
रुखसार म्हणते, तिथल्या एका कॉफीच्या पैशांत
नॅक्सॉसला दोघी जेवतील, वर चीज फुकट.
मी म्हणते, पॅरॉस.
का, ते सांगता येत नाही.
नकाशात ते घारापुरीसारखं वाटलं, एवढंच.

घरी, दिवाळ्याच्या कोळीवाड्यात,
जाळ्याच्या ढिगावर लॅपटॉप टेकवून
बाबांना ते सगळं निळं दाखवते.
ते सुई दातांत धरूनच विचारतात,
“बेटावरशी बेटावं? तिकरं काम काय गो?”
काम नाही बाबा. फिरायचं.
एक बोट सोडायची, दुसरी धरायची.
“मंग आमी चालीस वर्सं काय केला?”

आई मेनूकार्डाच्या फोटोवर वाकते.
हे काय? माकूल ना?
हो. तळलेली. वर लिंबू.
कितीला?
सोळा युरो.
ती बोटांच्या पेरांवर हिशेब करते,
मधेच सोडून देते
आणि पदर तोंडाला लावून इतकी हसते
की शेजारची चांगुणामावशी दारात येऊन उभी राहते.

अथेन्सच्या तीन रात्री मी जरा घाईनेच सांगितल्या.
गल्लीत टेबलं, जेवायलाच बारा वाजतात,
मग गच्चीवर गाणी, नाच,
आणि खोलीवर यायला चार.
आता बोलणी बसणार म्हणून मी स्क्रीनकडे बघत राहिले.
आई म्हणाली, “चारला मी पन धक्क्यावं असते.
बर्फान हात असले तरी फोन उचलीन.
कर.”

बाबा मात्र अजून नकाशातच.
“वारा कंचा?”

नऊ रकान्यांत वारा कुठेच नव्हता.
शोधला. ऑगस्टमध्ये उत्तरेचा,
कोरडा, आभाळ लख्ख,
कधी कधी सलग चार-पाच दिवस,
आणि मोठ्या बोटीसुद्धा बंदरात बांधून ठेवतात.
नाव मेल्टेमी.
त्यांनी ते नाव तोंडात घोळवलं
आणि विडीच्या धुराबरोबर बाहेर सोडलं.
“ढग दिसला तं मानूस सावध होतो.
निर्मल आभालातला वारा वंगाल.
एक दीस रिकामा ठेव.”

मग उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली,
चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
“पुनवंला तू नाय मंग.”
प्रश्न नव्हता तो.
समोर खाडीपार उलव्याचा डोंगर होता तिथे आता आकाश आहे,
त्यातून एक विमान उतरत होतं,
आम्ही तिघंही तिकडेच बघत बसलो.

गेल्या नारळी पुनवेला नारळ मी धरला होता,
त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं:
सप्टेंबर करू या. ऑगस्टात फार वारा असतो.
सोबत दोन लिंक टाकल्या.
रुखसारने अंगठा दिला.
विनयाने विचारलं, तिकिटं बदलायचे बत्तीसशे कोण भरणार?
तेव्हा कुठे नवव्या रकान्यात
पहिलं नाव पडलं, माझं.
खोटं बोलले नाही मी.
वारा खरंच असतो.

घरी सांगितलं, तारीख पुढे गेली.
का, ते बाबांनी विचारलं नाही.
आईने विचारायला तोंड उघडलं
आणि भात उतू गेला म्हणून आत पळाली.

रात्री मी लॅपटॉप मिटत होते
तेव्हा अंधारातून म्हणाले,
“येताना तिकरची दोरी आन. हातभर बस.
बगू दे, कशी वलतात.”

खरेदीच्या पानावर आधी तीन ओळी होत्या:
ऑलिव्हचं तेल, चांदीचे डूल, विनयाच्या सासूला साबण.
खाली लिहिलं, दोरी.
मग बराच वेळ विचार करून,
हातभर म्हणजे त्यांच्या हाताने.